पट्टे हवेत फिरतात, जमिनीवर अडतात : रिमोटच्या रणगाड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळची पत्रे १:१६ मापाच्या, रिमोटवर चालणाऱ्या रणगाड्यांविषयी आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच पत्रांचा शेवट ‘नवा बोर्ड मागवू का?’ असा आहे. बोर्ड म्हणजे रिमोटचा हुकूम घेऊन मोटरी, दिवे आणि आवाज चालवणारे आतले सर्किट. आमचे सांगणे एवढेच, की बोर्ड सगळ्यात शेवटी. बॅटरीपासून मोटरपर्यंत वीज ज्या वाटेने जाते ती वाट आधी मल्टिमीटरने तपासा. वायरिंगला हात लावल्यावर पहिल्यांदा बॅटरी जोडताना रणगाडा ठोकळ्यावर ठेवा आणि पट्टे अधांतरी राहू द्या. काही उलटसुलट जोडले गेले असेल तर तीन-चार किलोचे मॉडेल टेबलावरून खाली जायला वेळ लागत नाही.

प्रश्न : माझा तयार घेतलेला शर्मन (दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी रणगाडा) ठोकळ्यावर छान चालतो, फरशीवर सरळही जातो. सतरंजीवर जागच्या जागी वळवायला गेलो की मात्र दिवे मालवतात, आवाज बंद पडतो आणि दोन-तीन सेकंदांनी इंजिन पुन्हा सुरू झाल्याचा आवाज येतो. बॅटरी ७.२ व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड, पूर्ण चार्ज केलेली. बोर्ड गेला का?
— एक वाचक, कोल्हापूर

बोर्ड गेलेला नाही, तो उपाशी राहतो आहे. जागच्या जागी वळताना एक पट्टा पुढे आणि दुसरा मागे जातो आणि दोन्ही पट्टे आडवे घासले जातात. सतरंजीवर किंवा गवतात, त्यातही पट्टे धातूचे असतील तर मोटर जवळजवळ थांबतेच. ३८० जातीची ब्रश मोटर सरळ चालीत दोन-तीन अँपिअरवर भागवते, पण अडली की एकटीच १० अँपिअरच्या पुढे जाऊ शकते. तुमच्याकडे अशा दोन आहेत. बॅटरी आणि बोर्ड यांच्यामधला एखादा सांधा नुसत्या ०.१ ओहमने खराब असला तरी १० अँपिअरला तिथे १ व्होल्ट खर्च होतो. असे दोन सांधे आणि त्यात दमलेली बॅटरी असली की ७.२ चे ५.५ झालेच म्हणून समजा. रिसीव्हर आणि आवाजाच्या भागाला लागणारे ५ व्होल्ट बोर्ड याच पुरवठ्यातून बनवतो. तेही मिळेनासे झाले की प्रोसेसर रीसेट होतो, मोटरी थांबतात, भार उतरतो, व्होल्टेज पुन्हा वर येते आणि इंजिन ‘सुरू’ होते.

हे तपासायला मीटर २० व्होल्ट डीसीवर लावा आणि त्याच्या टोकांना मगर-क्लिप असलेल्या लांब वायरी जोडून त्या बाहेर काढा. भार द्यायला हाताने पट्टे धरू नका, बोट चाकात जाते. सतरंजीवरच वळवा आणि तीन-चार सेकंद रिमोटची काठी (स्टिक) धरून ठेवा, म्हणजे मीटरला आकडा दाखवायला वेळ मिळेल. पहिले माप बॅटरीच्या स्वतःच्या टोकांवर घ्या. तिथेच व्होल्टेज ६ च्या खाली जात असेल तर दोष बॅटरीचा. भार नसताना ती ८ व्होल्ट दाखवत असली तरी. सहा सेलांपैकी एखादा म्हातारा झाला की असेच होते.

बॅटरी तग धरत असेल तर पुढचे माप जास्त उपयोगाचे आहे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरे बोर्डाच्या प्लसवर लावा. आता मीटर त्या वाटेत हरवलेले व्होल्टेजच दाखवतो. भाराखाली ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, अर्धा व्होल्ट दिसला तर दोष त्याच वाटेत आहे. मग दुसरे टोक एकेक सांधा मागे आणा : स्विचनंतर, स्विचआधी, कनेक्टरनंतर. जो सांधा मागे ओलांडल्यावर आकडा एकदम उतरतो तो दोषी. काळ्या वायरीवरही हेच करा, ती बहुतेकजण विसरतात. नुसता कंटिन्युइटीचा बीप ऐकून समाधान मानू नका. एक तार शिल्लक असलेली वायरही बीप देते, पण १० अँपिअर वाहू शकत नाही.

बहुतेक वेळा दोघांपैकी एक सापडतो. एक म्हणजे तळाशी बसवलेला लहानसा सरकता स्विच. त्याची कुवत जेमतेम दोन-तीन अँपिअरची असते आणि आतले पत्रे काळे पडतात. त्याजागी १० अँपिअरचा रॉकर स्विच बसवा. दुसरा म्हणजे बॅटरीचा पांढरा टामिया कनेक्टर. त्याच्या नळीसारख्या पिना वारंवार लावून-काढून सैल होतात, सैल पिन तापते आणि प्लास्टिक पिवळे पडते. असा कनेक्टर चिमटून वापरत राहू नका, जास्त करंट पेलणारा एक्सटी६० कनेक्टर लावा. वायर १८ गेजची, सिलिकॉन आवरणाची घ्या. सोल्डर करताना एक्सटी६०ची दोन्ही अर्धी एकमेकांत खोचून ठेवा, नाहीतर प्लास्टिक मऊ होऊन पिना वाकड्या बसतात. एवढे करताच आहात तर लाल वायरीत, बॅटरीच्या अगदी जवळ, गाडीतला १५ अँपिअरचा पात्याचा फ्यूज होल्डरसकट बसवा. कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात तो मिळतो.

शर्मनबाबत एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. खरा शर्मन जागच्या जागी वळूच शकत नव्हता. त्याच्या डिफरन्शियलच्या (दोन्ही पट्ट्यांना ताकद वाटणाऱ्या गिअरांच्या) रचनेमुळे आतला पट्टा फक्त मंदावायचा, उलटा फिरायचा नाही. जर्मन टायगर मात्र एक पट्टा पुढे आणि एक मागे फिरवू शकत असे. तेव्हा काठी थोडी पुढे ठेवून रुंद वळण घ्यायची सवय लावली तर तुमचे मॉडेल खऱ्यासारखे चालेल आणि गिअरबॉक्सही वाचतील.

प्रश्न : मोटर चालवणारे एल२९८एन मॉड्यूल, आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आणि सहा चॅनेलचा फ्लायस्काय रिमोट घेऊन टायगर बनवतो आहे. रणगाडा गोगलगायीसारखा चालतो आणि दोन मिनिटांत एल२९८एनच्या हीटसिंकला हात लावता येत नाही. बॅटरी २एस (एकापुढे एक जोडलेले दोन सेल) लिथियम. कोडमध्ये चूक असेल का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

कोड नंतर पाहू, आधी एल२९८एन काढा. तो जुन्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरांचा आहे. १ अँपिअरलाच तो दोन-तीन व्होल्ट स्वतःकडे ठेवतो आणि २ अँपिअरला हा आकडा ५ व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. ७.४ मधून एवढे गेल्यावर मोटरला काय उरणार? जे मोटरला मिळाले नाही तेच हीटसिंकवर उष्णता होऊन निघते. शिवाय त्याची मर्यादा चॅनेलमागे २ अँपिअर, म्हणजे ३८० मोटरला ती सुरू होतानाच अपुरी.

प्रत्येक मोटरला एक याप्रमाणे दोन बीटीएस७९६० मॉड्यूल घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला अशी मॉड्यूल सहज मिळतात. त्यावर ४३ अँपिअर लिहिलेले असते, तो चिपचा आकडा आहे. त्या लहान हीटसिंकवर तेवढा करंट सतत चालणार नाही, पण तुमच्या कामाला मॉड्यूल भरपूर आहे. जोडणी अशी : बी प्लस आणि बी मायनसवर फ्यूजनंतरची बॅटरी, एम प्लस आणि एम मायनसवर मोटर, व्हीसीसीला ५ व्होल्ट, दोन्ही इनेबल पिना एकत्र करून त्याही ५ व्होल्टला. उरलेल्या दोन पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवण्याच्या) पिना आर्डुइनोला. या दोन्ही पिनांपासून ग्राउंडला (मायनसला) १०-१० किलोओहमचे रोध (रेझिस्टर) लावा. आर्डुइनो सुरू होत असताना त्याच्या पिना काही क्षण मोकळ्या असतात आणि रोध नसेल तर तेवढ्यात मोटर झटका देते. बॅटरीचा, मॉड्यूलचा, आर्डुइनोचा आणि रिसीव्हरचा ग्राउंड एकमेकांना जोडलेला हवाच. तो राहिला की सगळे दिवे लागतात पण काठीला कुणी दाद देत नाही.

रिसीव्हरचे तोंड थेट या मॉड्यूलला लावू नका. रिसीव्हर दर २० मिलिसेकंदांनी १००० ते २००० मायक्रोसेकंदांचा एक स्पंद पाठवतो, १५०० म्हणजे काठी मध्यभागी. मॉड्यूलला त्यातून फक्त ५ ते १० टक्के चालू असलेला पीडब्ल्यूएम दिसेल आणि दिशा कळणारच नाही. मधले भाषांतर आर्डुइनोने करायचे.

आता कोडमधल्या तीन जागा. तोफेचे तोंड वरखाली करायला सर्व्होची (ठरावीक कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरची) लायब्ररी वापरली की नॅनोच्या ९ आणि १० या पिनांचे पीडब्ल्यूएम बंद होते, म्हणून मोटरींसाठी ३, ५, ६ आणि ११ ठेवा. पण डाव्या मोटरला ५ व ६ आणि उजवीला ३ व ११ असे सरळ वाटप करू नका. ५ व ६ ची वारंवारता साधारण ९८० हर्ट्झ आणि ३ व ११ ची ४९० हर्ट्झ असते. असे केले तर मंद चालीत दोन मोटरी वेगवेगळ्या वागतात आणि रणगाडा एका अंगाला जातो. डावी पुढे ५, उजवी पुढे ६, डावी मागे ३, उजवी मागे ११ अशी जोडणी करा, म्हणजे दोन्ही पट्ट्यांना प्रत्येक दिशेत एकच वारंवारता मिळेल. तिसरी जागा जास्त महत्त्वाची. स्पंद मोजायला आर्डुइनोचा पल्सइन हा आदेश वापरत असाल तर त्याची मुदत मुद्दाम २५००० मायक्रोसेकंद द्या आणि उत्तर शून्य आले की मोटरी बंद करा. मुदत दिली नाही तर सिग्नल तुटल्यावर तो प्रत्येक चॅनेलसाठी एक पूर्ण सेकंद वाट पाहतो आणि तेवढा वेळ रणगाडा शेवटच्या वेगाने जातच राहतो. ठोकळ्यावर ठेवून पट्टे फिरत असताना रिमोट बंद करा. पट्टे लगेच थांबले नाहीत तर तो मैदानात नेऊ नका.

प्रश्न : कोड न लिहिता, रिमोटच्या कारचे दोन स्पीड कंट्रोलर (मोटरचा वेग सांभाळणारी सर्किटे) लावून चालेल का? एक लावून पाहिला, मागे जायला काठी दोनदा ओढावी लागते.
— एक वाचक, सांगली

चालेल, पण कंट्रोलर निवडताना जपून. कारच्या कंट्रोलरमध्ये पहिल्या ओढीला ब्रेक आणि दुसऱ्या ओढीला मागे, अशी सोय असते. रणगाड्याचा एक पट्टा वळताना क्षणात उलटा फिरावा लागतो, तिथे ही सोय अडसर ठरते. काही कंट्रोलरवर लहानसा जंपर हलवून ‘पुढे-मागे’ हा साधा प्रकार निवडता येतो, तसेच दोन घ्या आणि दोन्हींवर बॅटरीचा प्रकारही सारखाच निवडा.

दोघांच्याही तीनपदरी वायरीतून रिसीव्हरला ५ किंवा ६ व्होल्ट येतात. दोन पुरवठे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून एका प्लगमधली लाल पिन सुईने उचलून बाहेर काढा आणि तिच्यावर हीटश्रिंक चढवा. काळी किंवा तपकिरी मात्र दोन्हीकडे राहू द्या. रिमोटमध्ये एलेव्हॉन मिक्सिंग चालू केले की पहिला आणि दुसरा चॅनेल मिळून डावा-उजवा पट्टा होतात. मिक्सिंगचे आकडे ५० टक्क्यांच्या आसपास असतील तर काठी पूर्ण ढकलूनही वेग निम्माच मिळतो, तेव्हा ते हळूहळू वाढवा. काठी पुढे आणि रणगाडा गोल फिरतोय, तर एका मोटरच्या दोन वायरी आपसांत बदला. डावे-उजवे उलट असेल तर रिसीव्हरमधले दोन प्लग बदला.

प्रश्न : डावा पट्टा अचानक बंद. बाकी सगळे चालू. बोर्डाचा डावा भाग जळाला असेल ना?
— एक वाचक, जळगाव

असेलही, पण दोन मिनिटांत खात्री होते. बॅटरी काढा, बोर्डावरचे डाव्या-उजव्या मोटरचे प्लग अदलाबदल करून लावा आणि पुन्हा चालवा. आता उजवा पट्टा बंद झाला तर बोर्डाचा तो भाग गेला. डावाच बंद राहिला तर बोर्ड निर्दोष, आणि दोष डाव्या मोटरमध्ये, तिच्या वायरीत किंवा गिअरबॉक्समध्ये आहे. मग मोटरच्या टोकांवरचे सोल्डर बघा. वायर तिथेच आतून तुटते आणि आवरणामुळे बाहेरून धड दिसते. मोटर सुटी करून मीटरवर टोकांमधला रोध बघत शाफ्ट हळूहळू फिरवा. एखाद्या जागी मीटर ‘उघडे सर्किट’ दाखवत असेल तर ब्रश संपलेत किंवा कॉम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो भाग) काळा पडलाय.

बोर्डाचा भागच गेला असेल तर नवा बोर्ड बसवण्याआधी डावा गिअरबॉक्स हाताने फिरवून पाहा. जड मोटरने जुना बोर्ड मारला असेल तर नवाही त्याच वाटेने जाईल.

प्रश्न : रणगाडा चालू लागला की टरेट (वरचा फिरता बुरूज) आणि तोफेचा सर्व्हो थरथरतो. रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा असूनही?
— एक वाचक, डोंबिवली

२.४ गिगाहर्ट्झमुळे हवेतला गोंगाट टळतो, वायरीतून येणारा टळत नाही. ब्रशवर ठिणग्या उडतात आणि त्यांचा गोंगाट पुरवठ्यातून सर्व्होपर्यंत पोचतो. प्रत्येक मोटरला ०.१ मायक्रोफॅरडचे तीन सिरॅमिक कपॅसिटर लावा, त्यांच्यावर १०४ छापलेले असते. एक दोन टोकांच्या मध्ये, बाकीचे दोन प्रत्येक टोकापासून मोटरच्या धातूच्या डब्याला. यांना प्लस-मायनस नसतो. डब्याला सोल्डर चिकटत नाही अशी तक्रार नेहमी येते, त्याचे कारण वरचा लेप. शेंगदाण्याएवढी जागा काचपेपरने चकचकीत करा, फ्लक्स लावा आणि ६० वॅटची सोल्डरिंग गन वापरा. २५ वॅटची गन डबा तापवता तापवता आतले ब्रश आणि चुंबक भाजते. मोटरच्या दोन वायरी एकमेकींना पीळ द्या आणि त्या सर्व्होच्या वायरीपासून दूर न्या.

एवढे करूनही थरथर राहिली तर सर्व्हो पुरेसा पोसला जात नाही. ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा वेगळा स्विचिंग बीईसी (बॅटरीतून ठरावीक व्होल्टेज देणारे सर्किट) बॅटरीवरून घ्या आणि रिसीव्हरच्या मोकळ्या चॅनेलवर १००० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावा. याची पट्टी असलेली बाजू मायनस, उलटा लावला तर फुटतो. घरी बनवलेल्या सर्किटमध्ये ७८०५ हा ५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर वापरला असेल तर तोही बदला. त्याला ५ द्यायला ७ व्होल्ट हवेत आणि भाराखाली ते मिळत नाहीत. धातूचा तळ असेल तर रिसीव्हरच्या अँटेना त्याच्या पोटात गुंडाळून ठेवू नका. प्लास्टिकच्या वरच्या भागाला आतून चिकटवा, दोन असतील तर एकमेकींशी काटकोनात.

प्रश्न : टरेट पूर्ण गोल फिरवला की वायरी पिळून तुटतात. उपाय?
— एक वाचक, रत्नागिरी

स्लिप रिंग, म्हणजे फिरतानाही वायरींची जोड टिकवणारा सांधा. बारा वायरींची, प्रत्येकी २ अँपिअरची लहान रिंग १:१६ मध्ये बसते. ती टरेटच्या फिरण्याच्या बरोबर मध्यावर हवी, नाहीतर तिची स्वतःचीच वायर ओढली जाते. तोफेच्या धक्क्याच्या मोटरसाठी प्रत्येक बाजूला दोन-दोन वायरी एकत्र करा, दिव्यांना एकेक पुरते. खर्च करायचा नसेल तर टरेट दोन्ही बाजूंना दीडशे अंशांवर थांबेल असा अडथळा बसवा आणि वायरींचा सैल वेढा आत सोडा.

प्रश्न : ७.२ ची बॅटरी काढून ७.४ ची २एस लिथियम लावली तर बोर्ड उडेल का?
— एक वाचक, अमरावती

व्होल्टेजने उडणार नाही. पूर्ण चार्ज झालेली २एस ८.४ व्होल्ट असते आणि ताजी सहा सेलांची निकेल बॅटरीही चार्जरवरून काढल्या काढल्या साधारण तिथेच असते. काळजी दुसऱ्या टोकाची आहे. जुन्या बोर्डांना लिथियम बॅटरी कुठे थांबवायची हे कळत नाही आणि सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की कायमचा बिघडतो. बॅलन्स प्लगला (प्रत्येक सेलचे व्होल्टेज देणाऱ्या छोट्या प्लगला) लावायचा बझर घ्या आणि तो सेलमागे ३.५ व्होल्टवर लावा. निकेलचा जुना चार्जर लिथियमला कधीही जोडायचा नाही, यातून आग लागते. बॅलन्स चार्जरच वापरा आणि चार्जिंग फरशीवर, डोळ्यांसमोर करा. पावसाळ्यात महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून आणि रणगाड्यातून काढून ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका.

प्रश्न : धुराच्या यंत्रात रॉकेल चालेल का? खास तेल महाग पडते.
— एक वाचक, लातूर

नाही. आत लाल होणारी तार आहे आणि रॉकेलची वाफ पेटते. डिझेलही नको. खास तेलाचे ठरलेले थेंबच घाला. जास्त झाले तर ते बोर्डावर गळते, संपल्यावर तसेच चालवले तर वात जळून यंत्र कायमचे जाते. तेल संपले की धूर रिमोटवरून बंद करा. काही बोर्डांत ही सोय नसते, तिथे यंत्राच्या लाल वायरीत छोटा स्विच घाला.

प्रश्न : पुढचे पांढरे आणि मागचे लाल एलईडी थेट २एस बॅटरीवरून लावायचे आहेत. रोध किती?
— एक वाचक, अहिल्यानगर

हिशोब ७.४ वर नाही, ८.४ वर करा. पांढऱ्याला सुमारे ३.२ व्होल्ट लागतात. उरले ५.२, ते ०.०२ अँपिअरने भागले की २६० येतात, म्हणून २७० ओहम. लालला २ व्होल्ट, म्हणून ३३० ओहम. पाव वॅटचे रोध पुरतात. दोन दिव्यांना एकच रोध देऊन ते समांतर लावू नका, एक प्रखर आणि एक मंद होतो. खरे म्हणजे २० मिलिअँपिअरला दिवे या मापाच्या मॉडेलवर डोळ्यांत खुपतात. पांढऱ्यांना ५६० ओहम लावून करंट निम्म्यावर आणा. दिव्यांची जागा आणि आकार ठरवण्यासाठी तुमच्याच गावातले कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. मॉडेलला भोके पाडण्याआधी तिथल्या रणगाड्यांचे दिवे आणि त्यांच्यावरच्या जाळ्या नीट पाहून या.